ह्यूस्टनच्या जपानी बागेतले दोन शनिवार

अमेरिकेहून आल्यावर आठवडाभर कॉलनीतल्या बायका घरी येऊन जात होत्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, काय काय पाहिलंत? मी म्हणायचे, एक बाग पाहिली. त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय. सव्वीस दिवस राहून आलात आणि नुसती एक बाग? पण खरोखर तेवढंच झालं. ह्यूस्टन शहरातली एक जपानी बाग, तीही दोनदा. समुद्र तासाभराच्या अंतरावर होता. अंतराळवीरांचं मोठं केंद्र आहे, तिथे लोक लांबलांबून येतात. ते सगळं राहिलं. माझ्या पायांना सूज होती, संदीपच्या बाबांचा गुडघा वाकत नव्हता, आणि ज्या कामासाठी गेलो होतो त्याचंच ओझं एवढं होतं की दुसरं काही बघायची हौस उरली नव्हती.

काम काय होतं ते आधी सांगते. संदीप आमचा एकुलता एक. तिकडे इंजिनिअर आहे. त्याचा आणि प्रणिताचा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. आम्हाला कळलं ते सगळं उरकल्यावर, फोनवर. त्यांची मुलगी रेवा सहा वर्षांची, ती आईकडे राहते. एक सोडून एक शनिवार तिनं बापाकडे घालवायचा असं कोर्टात ठरलेलं. पण संदीप सांगायचा, "प्रणिता भेटू देत नाही गं. दर वेळी काहीतरी कारण काढते." पुढे पुढे व्हिडिओ कॉलवरही रेवा दिसेनाशी झाली. सात-आठ महिने आम्ही नातीचा आवाज ऐकला नव्हता.

संदीपचे बाबा रेल्वेत होते, होटगीच्या बाजूला कीमन. कीमन म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालत तपासणारा माणूस. कुठं रूळ घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मुळात बोलणं कमी. एक दिवस जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणाले, "जाऊन येऊ तिकडं. समोर बसून बोललं की सुटतं."

"काय सुटणार आहे आता? कागद झालेत त्यांचे."

"कागदाचं न्हाय म्हणत मी. पोरीचं म्हणतोय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. अर्ज भरण्यात जन्म गेला. व्हिसाचे अर्जही मीच भरले.

पहिले आठ दिवस

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, पाय सुजले, उतरलो. विमानतळावरच्या एका साहेबानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून नाकाजवळ नेला आणि त्याला जी शिंक आली तिनं पुढची सगळी चौकशी संपली. कडक भाकऱ्यांची चळत त्यानं उलटसुलट करून पाहिली. हे काय, असं त्यानं विचारलं. संदीपच्या बाबांनी एक तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. त्यानं हसून हात हलवला आणि आम्हाला सोडलं.

ऑक्टोबर होता, तरी गरम. आपल्याकडचं ऊन कसं, अंगाला भाजतं, पण सावलीत गेलं की सुटका. तिथली हवा ओल्या चादरीसारखी अंगाला गुंडाळलेली. सावलीतही तीच आणि उन्हातही तीच. म्हणून लोक घरातून गाडीत आणि गाडीतून दुकानात जातात. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही.

संदीपचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एक खोली रेवाची. छोटा पलंग, त्यावर घडी न मोडलेली चादर, कोपऱ्यात एक खेळण्यातलं स्वयंपाकघर. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला भरून आलं. म्हटलं, बापानं एवढं मांडून ठेवलंय आणि ती बाई पोरीला पाठवत नाही.

संदीप सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. जेवायचा, फोन बघायचा. मी काही विचारलं तर, "आई, दमलोय गं," एवढंच. तो दमलेला होता हे खरंच. तिशी नुकती ओलांडलेला पोरगा, पण उठताना पन्नाशीच्या माणसासारखा हात टेकून उठायचा.

आमचीही झोप उलटी झालेली. दुपारी डोळे मिटायचे आणि पहाटे तीनला टक्क जाग. दोघं पलंगावर बसून सोलापुरात आता काय वाजले असतील याचा हिशेब करायचो. तिसऱ्या दिवशी संदीपचे बाबा कंटाळून एकटेच पायी निघाले. त्यांना चालल्याशिवाय जमत नाही. थोड्या वेळानं एका बाईची गाडी दारात थांबली आणि त्यातून हे उतरले. त्या रस्त्याला फूटपाथच नव्हता. कडेच्या गवतातून लंगडत चाललेला म्हातारा बघून त्या बाईला वाटलं, हा घर चुकलाय. तिनं बसवून घेतलं आणि संदीपनं खिशात घालून ठेवलेला पत्ता वाचून आणून सोडलं.

"मी नको म्हणत होतो," हे म्हणाले. "तिला वाटलं मी हरवलोय. म्हटलं असू दे, बसावं."

पाचव्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "प्रणिताचा नंबर हाय ना तुझ्याकडं? लाव फोन."

मी लावला. ती नाही म्हणेल, फोन आपटेल, यांतलं काय झालं तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. तिनं फोन उचलला. मी नाव सांगितलं. मग म्हणाली, "कधी आलात? शनिवारी भेटू या का? म्युझियमच्या जवळ मोठं पार्क आहे, तिथे एक जपानी बाग आहे. रेवाला आवडते. दहा वाजता?"

इतकं सोपं निघालं की ठरवलेलं सगळं तोंडातच राहिलं. संध्याकाळी संदीपला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "सोडीन तुम्हाला," तो म्हणाला. "मी आत येणार नाही. तिला नाही आवडायचं."

पहिला शनिवार

संदीपनं आम्हाला बागेच्या दाराशी उतरवलं आणि गाडी घेऊन गेला. लाकडी दार, वर कौलारू छप्पर, आपल्याकडच्या जुन्या मठाच्या दारासारखं. बाहेर तळ्याच्या काठी एक मेक्सिकन मुलगी निळ्या घेरदार झग्यात उभी होती. पंधरावा वाढदिवस असला की तिकडे असे फोटो काढतात, हे मला मागून कळलं. तिची आई, मावश्या, आज्या सगळ्या जणी झग्याचा घेर चार बाजूंनी धरून उभ्या होत्या. मी तिकडे बघत राहिले. आपल्या घरात एवढी माणसं आता एका फोटोत कधी यायची, असं मनात आलं.

आत गेलो आणि आवाज बदलला. बाहेरची वाहनं ऐकूच येईनात. वाळूची बारीक वाट, दोन्ही बाजूंना पाईनची झाडं, दगडी दिवे, आणि कुठूनतरी पाणी पडत होतं. वळणावर धबधबा दिसला. फार उंच नाही, दीड-दोन पुरुष असेल. पाणी दगडांवरून उतरून तळ्यात येत होतं आणि तळ्यात हातभर लांबीचे केशरी-पांढरे मासे. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाण्याचा दिवस असला की मी सगळी कामं सोडते. त्या वाहत्या पाण्याकडे बघताना मला आधी सौंदर्य वगैरे काही वाटलं नाही. कुणीतरी नळ सुरू ठेवून गेलंय अशीच बेचैनी वाटली.

वाटेवर एक म्हातारा माळी गवताच्या हॅटखाली उकिडवा बसला होता. पाईनच्या एका फांदीवरचे जुने पिवळे काटे तो बोटांनी एकेक वेचून काढत होता. संदीपचे बाबा थांबले. पाच मिनिटं बघत राहिले. माळ्यानं वर बघून मान हलवली, यांनीही हलवली.

"रोज करत आसंल?" त्यांनी मला विचारलं, जणू मला माहीत असावं.

"असेल."

"केल्यालं दिसत न्हाय ह्या कामात," ते म्हणाले. "न्हाय केल्यालं तेवढं दिसतं."

एवढ्यात समोरून प्रणिता आली. तीन वर्षांनी बघत होते. केस आखूड कापलेले, डोळ्यांखाली काळं. आठवडाभर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम आणि घरचंही सगळं एकटीनं. मी जशी संतापानं मनात रंगवली होती तशी ती अजिबात दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"आई—" ती म्हणाली आणि थांबली. आता काय म्हणायचं हे तिला सुचेना. मग पुन्हा "आई"च म्हणाली आणि वाकून दोघांच्या पाया पडली. रेवा तिच्या मागे, ओढणी घट्ट धरून.

मी खाली बसून रेवाला जवळ बोलावलं. ती आली नाही. मला वाटलं होतं धावत येईल, गळ्यात पडेल. इतके महिने तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं. तिनं माझ्याकडे, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं आणि आईला इंग्रजीत हळूच काहीतरी विचारलं.

"तुमचे पाय दुखतायत का, असं विचारतेय," प्रणिता म्हणाली.

बाहेरून शिट्टी ऐकू आली. त्या पार्कातून मुलांची एक छोटी आगगाडी फिरते, ती बागेच्या कुंपणाशेजारून जाते. संदीपच्या बाबांनी एकदम मान वळवली, कुत्रा कान टवकारतो तशी. रेवा हसली. मग त्यांनी तोंडानं रुळाच्या सांध्यावरून चाक जातं तो आवाज काढला. खडाड-खट, खडाड-खट. संदीप लहान असताना काढायचे तोच. रेवा ओढणी सोडून पुढे आली. "अगेन," म्हणाली. एवढं इंग्रजी यांना येतं.

नंतर दोघं पुढे आणि आम्ही दोघी मागे. तळ्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दगड मांडलेले आहेत, पाय ठेवत ओलांडायचे. रेवा टणाटण उड्या मारत गेली. मी ओरडले, "अहो, गुडघा!" पण हे निघाले होते. चार दगड गेले, पाचव्यावर पाय घसरला आणि हे पाण्यात. पाणी गुडघाभरच, पण बसकण मारल्यासारखे पडले. मासे चहूकडे पांगले.

मला हलताही आलं नाही. प्रणिता बुटांसकट पाण्यात उतरली. त्यांच्या काखेत हात घालून तिनं त्यांना उभं केलं, काठावर आणलं, बाकावर बसवलं. खाली बसून त्यांचे बूट काढले, मोजे काढले, पिळले. घोटा हातात घेऊन सगळीकडे दाबून पाहिला. "बाबा, इथे दुखतं? इथे?"

"न्हाय गं. लाज वाटतीया तेवढी."

रेवा घाबरून रडायच्या बेतात होती. तिनं आपल्या पिशवीतून छोटा रुमाल काढला आणि त्यांचा पाय पुसायला लागली. एका पायाची पाच बोटं, एकेक करून. संदीपचे बाबा वर झाडांकडे बघत बसले. सोलापूरहून घोकून आणलेलं सगळं भाषण त्यांना तेव्हाच बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत.

बोलले मी. मला राहवलं नाही. "प्रणिता, एवढं तुझं मन चांगलं आहे, मग पोरीला बापाकडे का पाठवत नाहीस?"

ती पिळलेला मोजा हातात घेऊन तशीच थांबली. "मी पाठवत नाही?"

"संदीप सांगतो."

तिनं रेवाला माशांकडे पाठवलं. ती पुरेशी लांब गेल्यावर म्हणाली, "आई, गेल्या चार महिन्यांत तो एकदाही आलेला नाही. आधीही कधी यायचा, कधी नाही. येतो म्हणून सांगतो आणि ऐन वेळी मेसेज करतो. तुम्हाला दाखवू का? सगळे आहेत." तिनं फोन काढला नाही. दाखवते म्हणाली आणि हात तसाच मांडीवर ठेवला. मला पुरावा नकोच होता. त्या खोलीतलं प्लास्टिक न काढलेलं स्वयंपाकघर मी पाहिलं होतंच.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुमचा मुलगा आहे. आणि... तुम्ही माझ्या आईला फोन केला होता."

हे मी वर लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून टाळलं. उन्हाळ्यात एक दिवस मी माळशिरसला प्रणिताच्या आईला फोन केला होता. म्हटलं होतं, तुमच्या मुलीनं आमची नात तोडली, हेच शिकवलंत का तिला? आणखीही बोलले होते, ते लिहवत नाही. त्या माऊलीनं ऐकून घेतलं होतं. शेवटी फक्त म्हणाली होती, "ठिवते मी."

"आई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही," प्रणिता म्हणाली. "तिला वाटतं, मीच रेवाला अडवून धरलंय. विचारते, तू असं कसं केलंस. मी सांगून दमले. तुम्ही शिक्षिका, तुम्ही खोटं कशाला बोलाल, असं म्हणते."

रेवा काठाशी पालथी पडून पाण्यात बोट बुडवत होती. संदीपचे बाबा ओल्या पँटीत, अनवाणी, बाकावर सरळ बसले होते.

"बाबा, मी परत येणार नाही हं," प्रणिता त्यांना म्हणाली. "तुम्ही त्यासाठी आला असाल तर आधीच सांगते."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्यासाठी न्हाय आलो." नंतर म्हणाले, "पोटाला काय आणलंय का? भूक लागलीय."

तिनं धपाटे आणले होते. पार्कातल्या एका झाडाखाली बसून खाल्ले. दही प्लास्टिकच्या डब्यातलं, गोडसर, पण धपाट्यांना लसूण भरपूर होता. रेवानं नुसता ब्रेड खाल्ला.

मधले चौदा दिवस

संदीप गाडीत काही विचारेना आणि हे काही सांगेनात. घरी येऊन कपडे बदलल्यावर यांनी त्याला समोर बसवलं. दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीचे पडदे ओढलेले होते.

"किती दिस झालं पोरीला भेटून?"

संदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"बाबा, तुम्हाला नाही कळणार."

"न्हाय कळणार. सांग."

मग तो बोलला. "निघताना ती रडते. गाडीच्या काचेला हात लावून. दर वेळी. मी घरी येऊन दोन-दोन दिवस कामाला जाऊ शकायचो नाही. मग म्हटलं, गेलोच नाही तर तिचंही रडणं वाचेल. एकदा नाही गेलो, मग दुसऱ्यांदा तोंड दाखवायची लाज वाटली. मग... तुम्हाला काय सांगणार होतो? म्हटलं, ती पाठवत नाही म्हणून सांगावं."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. बसल्या जागी बसून राहिले.

संदीपचे बाबा म्हणाले, "मी ड्युटीवर निघालो की तू रडायचास. दाराची कडी धरून. होटगीच्या क्वार्टरमधे सगळी हसायची. मी घरी यायचं बंद केलं व्हय?"

"तुम्ही रोज परत यायचात, बाबा."

"मग तू बी जा की."

बस एवढंच. त्यावर चर्चा झाली नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. पुढचे चौदा दिवस आम्ही तिघं एकमेकांना सांभाळून वावरत होतो. मी भाकऱ्या करायचे. ज्वारीचं पीठ एका भारतीय दुकानात मिळालं, पण जुनं होतं, भाकरी चिरायची. कपडे धुवायला इमारतीच्या खाली मशीन होती. तिथे माझा एक पांढरा ब्लाऊज कुणाच्यातरी लाल टॉवेलबरोबर फिरून गुलाबी होऊन आला. टॉवेल एका चिनी बाईचा होता, ती इतक्यांदा माफी मागत राहिली की शेवटी मीच तिला बसवून चहा पाजला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासभर बसलो. त्या पंधरवड्यातला तोच एक तास हलका गेला.

माळशिरसला फोन लावायला मी तीनदा हातात घेतला. फोनवर बोलून केलेलं पाप फोनवरच फेडायचं, हे मनाला पटेना. तसाच ठेवला.

दुसरा शनिवार

संदीप पहाटेपासून उठून बसला होता. दाढी केली, शर्ट दोनदा बदलला. बागेच्या दाराशी गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवरचे हात काढेना. संदीपचे बाबा उतरले, फिरून त्याच्या बाजूला आले आणि त्यांनी दार उघडून धरलं. त्यांच्या दुखऱ्या पायावर भार येत होता ते दिसत होतं. शेवटी तो उतरला.

प्रणिताला मी आधी कळवलं होतं. ती धबधब्यापाशी उभी होती. तिनं संदीपकडे बघून नुसती मान हलवली. रेवा तिच्या मागे गेली. बापाकडे बघेना.

संदीप वाटेतच खाली बसला, वाळूत. चार-पाच हात अंतर असेल. मागून येणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

थोड्या वेळानं रेवा आईच्या मागूनच बोलली, इंग्रजीत. मला सगळं कळलं. "तू शनिवारी येतो म्हणालास. मी बूट घालून बसले होते."

"हो," संदीप म्हणाला.

"जेवायच्या वेळेपर्यंत बसले होते. आई म्हणाली काढ, तरी काढले नाहीत."

मला वाटलं, तो आता कारण सांगेल. काम होतं, गाडी बिघडली, काहीतरी. तो म्हणाला, "हो. मी आलो नाही. माझं चुकलं."

ती विचार करत राहिली. मग बाहेर आली, त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली आणि आजोबांचा हात धरला. तिला त्या दगडांवरून परत जायचं होतं. आजोबांनी आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. मग त्यांनी संदीपकडे बोट दाखवलं. रेवानं बराच वेळ लावला. शेवटी बापाला म्हणाली, "तू माझ्या मागून ये. माझ्यापुढे जायचं नाही."

तो तिच्या मागून गेला. एकेका दगडावर ती थांबायची, वळून बघायची, तो आहे ना. मग पुढचा दगड. पलीकडे पोचायला त्यांना आगगाडीच्या दोन फेऱ्यांएवढा वेळ लागला. प्रणिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं डोळे पुसले. ते कशासाठी होतं ते मी विचारलं नाही. त्यांचं दोघांचं काय बिनसलं हेही मी आजवर विचारलेलं नाही.

निघायची वेळ झाली तशी रेवाच्या तोंडावर ते दिसायला लागलं. ओठ आवळले, पाय ओढत चालायला लागली. प्रणिताच्या गाडीशी पोचेपर्यंत हुंदका फुटलाच. संदीपनं तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. ती काचेला हात लावून रडत होती. यानंही बाहेरून काचेवर हात ठेवला. प्रणितानं गाडी हळू मागे घेतली, वळवली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मग आमच्या गाडीत येऊन बसला आणि अर्धा तास किल्ली फिरवू शकला नाही. आम्ही दोघं मागे बसून राहिलो. तहान लागली होती, पाण्याची बाटली डिकीत होती. मागितली नाही.

आम्ही परत आल्यापासून तो तीनदा रेवाकडे गेलाय. हे मला त्याच्याकडून नाही, प्रणिताकडून कळलं.

माळशिरस

तिकिटावर नसलेला एक टप्पा राहिला होता. सोलापुरात पोचल्यावर पाचव्या दिवशी मी एकटीच एसटीनं माळशिरसला गेले. झोप अजून उलटीच होती. खिडकीला डोकं टेकून मोहोळपर्यंत कशी आले कळलं नाही. पुढे दोन्हीकडे ऊस, तोडणी सुरू झालेली, ट्रॅक्टरमागून गाडी रांगत होती.

प्रणिताची आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. "आला व्हय," म्हणाली. "बसा."

मी बसले. काय म्हणून हाक मारावी ते कळेना. विहीणबाई म्हणायचं नातं कागदावर संपलेलं. सगळ्या वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. म्हटलं, "ताई, उन्हाळ्यात फोनवर मी बोलले ते सगळं खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटं होतं. तुमच्या लेकीनं काही केलेलं नाही. माझा मुलगाच जात नव्हता."

ती शेंगा फोडत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात.

"पाच-सा म्हैनं मी लेकीशी धड बोलले न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर."

"हो."

"ती तितं एकटी. आन् मी हितनं तिलाच बोलत व्हते."

"हो ताई."

ती रडली नाही, चिडलीही नाही. उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. मी पिशवी उचलायच्या विचारात होते. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. तिचा व्हिसा दोनदा नाकारला गेलाय. तिनं नातीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती.

"तुमी बघून आला की तिला," ती म्हणाली. "केवढी झाली वं आता?"

मी उभी राहिले आणि माझ्या बरगडीच्या जरा खाली हात आडवा धरला. तिनं मान हलवली. मी उंच, ती बुटकी. माझ्या अंगावरून तिला अंदाज येईना. तिनं मांडीवरची टरफलं झटकली, उठून माझ्या हाताला अगदी चिकटून उभी राहिली आणि आपल्या छातीवर तळवा टेकला.

"हितवर?"

मी माझा हात सरकवून तिच्या हातावर ठेवला, बोटभर वर घेतला.

"इथवर."

तिनं तो हात तसाच धरून ठेवला.